नावांची ठेव

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम नावाचे तालुक्याचे एक गाव लागते. (तिरुनेलवेलीकडचे, धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेले पापनाशम निराळे.) खर-दूषणांच्या वधाचा दोष निवारण्यासाठी रामाने येथे शिवपूजा केली अशी कथा असून त्या कथेतली एकशे आठ लिंगे येथल्या मंदिरात दाखवतात. गावालगत तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथाचे प्राचीन देवालय आहे आणि त्याच्या आवारात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नायक राजांच्या अमदानीत बांधलेले विटांचे एक विशाल धान्यकोठार आजही उभे आहे. वर्तुळाकार पाया आणि शंकूसारखे निमुळते होत गेलेले छप्पर असलेल्या या कोठारात ३,००० कलम भात मावत असे. कावेरीच्या खोऱ्यातल्या सुबत्तेची याहून बोलकी खूण शोधावी लागेल.

कोठार या वस्तूमागे एक गृहीत असते. आपण त्यात जे धान्य ओततो तेच दाणे आपल्याला परत मिळत नाहीत. तेवढ्याच मापाचे दुसरे मिळतात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. धान्याला नाव नसते. एका शेतकऱ्याचे भात दुसऱ्याच्या भातात मिसळले तर त्यात कोणाची हानी नाही, उलट मिसळणे हाच कोठाराचा धर्म. आज कोणत्याही व्यवसायाची संघटना आपल्या सभासदांविषयीची माहिती ज्या भावनेने गोळा करते आणि वापरते, ती मला या कोठाराच्या भावनेसारखी वाटते. आणि घोटाळ्याचे मूळही तेथेच आहे असे वाटते.

वैद्यांची, वकिलांची, अभियंत्यांची, शिक्षकांची, औषधविक्रेत्यांची अशी संघटना प्रत्येक तालुक्याच्या गावी असते. सभासदत्वाचा अर्ज भरताना नाव, शिक्षण आणि व्यवसायाचा पत्ता विचारला जातो, हे रास्तच आहे. पण अर्ज तेवढ्यावर थांबत नाही. जन्मतारीख, घरचा पत्ता, जोडीदाराचे नाव, लग्नाची तारीख, रक्तगट, अपत्ये. यातले बरेचसे प्रेमापोटीच विचारलेले असते. वाढदिवसाला शुभेच्छा पाठवाव्यात, अडीअडचणीला रक्त मिळावे, एवढाच हेतू. पुढे वार्षिक स्मरणिका निघते, तिच्यात सगळे छापले जाते, ती जाहिरातदारांनाही भेट म्हणून जाते आणि पुढल्या महिन्यात विमा उतरवणाऱ्यांचे दूरध्वनी सुरू होतात. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांना तर पत्नीच्या निधनानंतर तीन वर्षे लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा येत राहिल्या. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. कोठारातून दाणा काढावा तसा एक दिनांक काढला गेला, इतकेच.

ही केवळ आजच्या यंत्रयुगाची कटकट आहे असे समजू नये. पापनाशमपासून काही कोसांवर, तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर, व्यवसायबंधूंच्या (आणि त्याहून अधिक व्यवसायभगिनींच्या) नोंदीचा जगातला एक थोर दस्तऐवज कोरलेला आहे. राजराज चोळाच्या राज्याच्या २९व्या वर्षी, म्हणजे इ. स. १०१४च्या सुमारास, त्याने मंदिराच्या सेवेसाठी ४०० स्त्रिया नेमल्या. त्या प्रत्येकीचे नाव त्या लेखात आहे. ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आणली गेली ते आहे, आणि तंजावरात ती कोणत्या आळीच्या कोणत्या ओळीतल्या कितव्या घरात राहते तेही आहे. प्रत्येकीला एक वाटा. एका वाट्याचे उत्पन्न वर्षाला १०० कलम भात. त्यानंतर नृत्यगुरू, गायक, वादक, हिशेबनीस, शिंपी, न्हावी, परीट यांचीही नोंद आहे. कोणी मरण पावला किंवा परगावी गेला तर त्याच्या जवळच्या नातलगाने वाटा घेऊन सेवा चालवावी, तो लायक नसेल तर त्याने दुसरा लायक माणूस निवडावा, अशीही तरतूद आहे. मापे शतकागणिक बदलतात हे खरे. तरी तोच आकडा धरला तर पापनाशमचे अख्खे कोठार अशा तीस जणींच्या एका वर्षाच्या वाट्यांनी भरले असते.

हा लेख वाचताना प्रथम मन भरून येते. ज्या काळात सामान्य माणसाचे नाव कोठेच उरत नसे, त्या काळी एका सम्राटाने नर्तकींची आणि परटांची नावे आपल्या नावाच्या बरोबरीने दगडात कोरवून घेतली! त्यांच्या हक्काला याहून पक्की हमी कोणती? वाटा कोणी बुडवू लागला तर भिंतीकडे बोट दाखवता येत होते. माहिती उघड असणे हेच येथे दुर्बळाचे संरक्षण होते आणि आजच्या चर्चेत हा मुद्दा फार लवकर विसरला जातो.

परंतु दगड तोच राहिला आणि शब्दांचा अर्थ पालटला. मंदिरसेविका या वर्गाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी शतकानुशतके बदलत गेली. १९२७पासून डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रासच्या विधिमंडळात देवदासीप्रथेविरुद्ध आवाज उठवला. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रासमध्ये १९४७ साली ती प्रथा बंद करणारे कायदे झाले. अकराव्या शतकातल्या त्या स्त्रिया आणि विसाव्या शतकातल्या देवदासी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, असे अभ्यासक सांगतात आणि ते खरेच आहे. पण यादीत नाव असलेल्या माणसाच्या वारसाला अभ्यासकांचे बारकावे उपयोगी पडत नाहीत. एका काळी जी नोंद प्रतिष्ठेची होती तीच दुसऱ्या काळी पोराबाळांची सोयरीक मोडण्याचे कारण होऊ शकते. नोंद ठेवणारा नाव जपून ठेवील. नावाचा अर्थ जपून ठेवणे त्याच्या हाती नसते. माझ्या मते या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग हाच आहे. संमती घेतली म्हणजे संपले, असे आपण मानतो. परंतु संमती आजच्या अर्थाला दिलेली असते आणि नोंद उद्याच्या अर्थाच्या स्वाधीन होते.

गोव्यात या कोड्याला एक वेगळे उत्तर मिळाले. तेथल्या देवळांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या, गायन-नर्तनाची परंपरा सांभाळलेल्या घराण्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संघटित होऊन गोमंतक मराठा समाज हे नाव घेतले, स्वतःचे नियतकालिक चालवले, आपले कागदपत्र स्वतः जपले. लोकांनी दिलेले नाव पुसले आणि आपण निवडलेले लिहिले. त्यांनी भूतकाळ नाकारला नाही; वहीची किल्ली तेवढी आपल्या कनवटीला लावली. बृहदीश्वराच्याच आवारात दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, त्याची येथे आठवण होते. राजाने आपली कुळकथा आपण सांगितली. त्या चारशे जणींची कथा दुसऱ्याने सांगितली. दोन्ही लेख एकाच देवळात, दोन्ही उघड्यावर; पण सांगण्याचा अधिकार कोणाकडे होता याने त्यांची जात निराळी ठरते.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी नावांचा नव्हे, पण ठेवीचा फार सूक्ष्म विचार केला आहे. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत निक्षेप, म्हणजे ठेव, हे एक स्वतंत्र पद आहे. पुढच्या स्मृतिकारांनी ठेवीतही भेद केला. उघड मोजून दिलेला तो निक्षेप. आणि पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता विश्वासाने सोपवलेला तो उपनिधी. उपनिधी जसा दिला तसाच, मोहोर न फोडता, परत करायचा. राजाने नेला, चोराने पळवला किंवा दैवाने नासला तर ठेव राखणाऱ्यावर दोष नाही. परंतु त्याने स्वतःच्या मर्जीने त्यावर आपला चरितार्थ चालवला तर त्याला दंड, शिवाय वाढीसह भरपाई, असे याज्ञवल्क्यस्मृती म्हणते. कल्याणीच्या विज्ञानेश्वराने ज्या स्मृतीवर मिताक्षरा लिहिली तीच ही स्मृती. मराठी मुलखाला ती परकी नाही. मला या नियमात मौज वाटते ती अशी की, चोरीपेक्षा वापर हा अपराध अधिक गंभीर मानला आहे. आज संस्थांची सारी चिंता चोरीची असते. कुलूप बळकट आहे ना, संगणकात कोणी शिरले नाही ना. राखणाऱ्यानेच पेटी उघडून त्यावर थोडा धंदा केला तर त्याला आपण ‘सभासदांच्या सोयीसाठी’ म्हणतो.

अर्थात व्यवसायिकाची सगळीच माहिती मोहोरबंद असू शकत नाही. रुग्णाला आपला वैद्य खरोखर वैद्य आहे की नाही हे कळलेच पाहिजे. अशिलाला वकिलाचे नाव राज्य वकील परिषदेच्या नामावलीत पाहता आले पाहिजे. सनदी लेखापालांच्या १९४९च्या कायद्यात तर नोंदवहीत काय लिहावे तेच सांगितले आहे : पूर्ण नाव, जन्मतारीख, निवासाचा आणि व्यवसायाचा पत्ता, पात्रता. व्यवसायाने मिळालेली प्रतिष्ठा समाजाकडून येते, तेव्हा तिचा पुरावा समाजाला दाखवणे हे कर्तव्यच. पण पात्रता आणि घराचा पत्ता या दोन गोष्टी एकाच वहीत शेजारी असल्या, म्हणून त्यांचे स्वरूप एक होत नाही. पहिली समाजाची आहे, दुसरी सोपवलेली. गल्लत होते ती बहुधा आळसामुळे. एकच यादी सर्वांना पाठवणे सोपे जाते.

गुप्ततेच्या बाजूने इतके बोलल्यावर तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर हा विचार पदाधिकाऱ्यांच्या फार सोयीचा होईल. ज्या संस्थेत वर्षानुवर्षे तीच माणसे खुर्चीवर असतात, तेथे सभासदांची यादी हे सत्तेचे साधन असते. विरोधकाला यादीच मिळाली नाही तर तो मते मागणार कोणाकडे? म्हणून महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्याने सभासदांची नोंदवही ठेवण्याची सक्ती केली आणि सभासदाला संस्थेचे दप्तर पाहण्याचा अधिकारही दिला. आपल्या साहित्यविश्वाला हे शिकवण्याची गरज नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची निवड २०१८पर्यंत मतदानाने होत असे. त्या काळी घटक संस्थांच्या मतदारांची नावे आणि पत्ते यांवर सारा प्रचार चाले, आणि मतपत्रिकांचे गठ्ठे गोळा होतात ही तक्रारही दरवर्षी ठरलेली. निवडणूक गेली, सर्वसंमतीने निवड आली आणि अध्यक्ष ठरवताना त्या यादीचे काम उरले नाही. यादी उघडी असताना दबाव होता; आता तक्रार बंद दाराची आहे. दोहोंत बरे कोणते, याचे उत्तर मला सरळ देता येत नाही.

यादीवर संस्थेचे आणि सभासदांचे प्राण अवलंबून असण्याचेही प्रसंग येतात. १९५६ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेकडे तिच्या सभासदांची नावे आणि पत्ते मागितले. संघटनेने बाकी कागद द्यायची तयारी दाखवली. नावे दिली नाहीत. तिला एक लाख डॉलर दंड झाला. नाव उघड झालेल्या माणसाची नोकरी जाते, घरावर हल्ला होतो, हे सर्वांना ठाऊक होते. १९५८च्या जूनमध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की संघटित होण्याच्या स्वातंत्र्यात सभासदत्व गुप्त राखण्याचाही अंश आहे. येथे संघटना खऱ्या अर्थाने ठेव राखणारी झाली : दंड सोसला, पण पेटी उघडली नाही.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले. माहिती राखणाऱ्या संस्थेसाठी त्या कायद्याने योजलेल्या शब्दाचा अर्थ विश्वस्त असाच आहे. याज्ञवल्क्यापासून आपण फार दूर गेलेलो नाही. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये, आणि माहिती पुसून घेण्याचा हक्कही त्यात आहे. मात्र याच कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीसंबंधीचे कलम आखडते घेतले, म्हणजे खासगीपणाची ढाल कारभाऱ्यांच्याही हाती गेली. शिवाय हा कायदा संगणकावर असलेल्या किंवा चढवलेल्या माहितीपुरता आहे. पापनाशमसारख्या गावातल्या एखाद्या संघटनेच्या चिटणिसाच्या कपाटात जी जाड पुठ्ठ्याची वही आहे, ती त्याच्या कक्षेत येत नाही.

आणि त्या वहीचे पुढे काय होते? सभासदाला काढून कसे टाकावे याचे नियम बहुतेक घटनांत तपशीलवार असतात : नोटीस किती दिवसांची, ठराव किती बहुमताने. तो स्वतः सोडून गेला किंवा मरण पावला, तर त्याचा अर्ज, छायाचित्र, लग्नाची तारीख, मुलांची नावे यांचे काय करायचे, याविषयी एक ओळही सहसा आढळत नाही. राजराजाच्या लेखात निदान वाटा कोणाकडे जावा ते सांगितले होते. येथे वर्गणी थांबते, पावती थांबते. अर्जाचा कागद दप्तरात राहतो, दप्तर चिटणिसाच्या घरी, आणि नवा चिटणीस निवडून आला की ते गठ्ठ्यासकट त्याच्या घरी जाते.