उत्तरज्ञान आणि नैतिक निर्णय : ‘स्टार ट्रेक’च्या एका भागाच्या निमित्ताने

१

अभिजात ठरलेल्या कलाकृतीकडे आपण प्रथमच जातो तेव्हाही आपण तिचे ‘प्रथम’ वाचक वा प्रेक्षक नसतो. कलाकृती आपल्यापर्यंत येण्यापूर्वी तिच्याविषयीचे पुष्कळ काही आपल्यापर्यंत येऊन पोहोचलेले असते. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिका मी वयाच्या पंचेचाळिशीत प्रथमच, क्रमाने आणि संपूर्ण पाहिली. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली आणि जून १९६९ मध्ये थांबलेली ही मालिका तीन हंगामांत ७९ भाग चालली. कर्क, स्पॉक, मॅकॉय ही नावे, स्पॉकचे टोकदार कान, ‘एंटरप्राइज’ यानाचा आकार हे सारे मला आधीपासून माहीत होते. तथापि याहून महत्त्वाची अशी आणखी एक गोष्ट मला माहीत होती. मालिकेच्या मूळ प्रेक्षकांना अज्ञात असलेला त्यांचाच भविष्यकाळ मला ज्ञात होता.

‘स्पेस सीड’ या फेब्रुवारी १९६७ मधील भागात खान नूनियन सिंग नावाचे एक पात्र येते. ते उत्तर भारतातील, बहुधा शीख असावे, असे संवादांतून सुचवले जाते. ती भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबान या नटाने केली आहे. सुप्रजननातून घडवलेल्या अतिमानवांनी १९९० च्या दशकात जगावर महायुद्धे लादली होती, अशी ही कथा सांगते. त्या दशकात मी शाळेत होतो. १९६७ चे भविष्य हा माझा भूतकाळ आहे, हे जाणवून मला हसू आले. परंतु ते हसू निरागस नव्हते, हे नंतर लक्षात आले. ज्याला पुढचे माहीत आहे अशाने, ज्याला ते माहीत नाही अशाकडे पाहून केलेले ते हास्य होते. घटना घडून गेल्यानंतर येणारे जे ज्ञान, त्याला येथे ‘उत्तरज्ञान’ म्हणू. हे उत्तरज्ञान आपल्या नैतिक निर्णयाला बळ देते की त्याला विकृत करते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. या प्रश्नाला मालिकेतच एक भाग वाहिलेला आहे, म्हणून त्याचा आधार घेतो.

२

६ एप्रिल १९६७ रोजी प्रसारित झालेला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा तो भाग. चुकून अतिरिक्त मात्रेत औषध टोचले गेल्यामुळे भ्रमिष्ट झालेला डॉक्टर मॅकॉय एका अपरिचित ग्रहावरील कालद्वारातून भूतकाळात शिरतो. त्याने तेथे असे काही केले, की इतिहास बदलला आणि ग्रहाभोवती फिरणारे यान नाहीसे झाले. कर्क आणि स्पॉक त्याच्या मागावर महामंदीच्या काळातील, १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये येतात. गरिबांना अन्न व आसरा देणारे एक केंद्र चालवणारी ईडिथ कीलर तेथे त्यांना आश्रय देते. माणूस एक दिवस अंतराळात जाईल, भूक आणि रोग यांवर मात करील, असा तिचा विश्वास आहे. कर्क ज्या काळातून आला आहे तो काळ तिने कल्पनेनेच पाहिलेला आहे. कर्क तिच्या प्रेमात पडतो.

स्पॉक हाताशी असलेल्या जुजबी साधनांतून एक यंत्र जुळवतो. त्यावर त्याला दोन परस्परविरोधी वृत्ते दिसतात. एकात ईडिथ १९३० मध्येच अपघातात मरण पावते. दुसऱ्यात ती सहा वर्षांनंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना भेटते. ती जगली तर तिच्या शांतता-चळवळीमुळे अमेरिकेचा युद्धप्रवेश लांबेल, जर्मनी आधी अणुबाँब बनवील आणि जग जिंकील. म्हणजे ईडिथ मेली पाहिजे. अखेरीस ती रस्ता ओलांडत असताना ट्रक येतो, मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला मिठी मारून अडवतो. आपण काय केले हे ठाऊक आहे का, असे मॅकॉय त्याला विचारतो. त्याला ते ठाऊक आहे, असे उत्तर स्पॉक देतो.

या प्रसंगाआधीचा एक लहानसा क्षण मला अर्थपूर्ण वाटतो. ईडिथ जिन्यावर अडखळते आणि कर्क तिला झटकन सावरतो. तो तिच्या मरणाचा नियत क्षण असू शकला असता, याची जाणीव स्पॉक त्याला करून देतो. पडणाऱ्याला सावरणे ही माणसाची विचारापूर्वीची कृती आहे. पडू देण्यासाठी मात्र त्याला विचार करावा लागतो आणि ज्ञान असावे लागते.

३

कर्कच्या कृतीचे नैतिक स्वरूप नेमके कोणते? योगायोग असा, की १९६७ मध्येच फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वचिंतक विदुषीने ‘ऑक्सफर्ड रिव्ह्यू’मधील आपल्या निबंधात अनावर झालेल्या ट्रामचे ते पुढे प्रसिद्ध झालेले उदाहरण मांडले. एका रुळावर पाच माणसे, दुसऱ्यावर एक; चालकाने ट्राम कोणीकडे वळवावी? इजा न करण्याचे कर्तव्य आणि मदत करण्याचे कर्तव्य यांत फूट भेद करतात आणि पहिले सामान्यतः अधिक बंधनकारक मानतात. या भेदाच्या भाषेत बोलायचे तर ‘मारणे’ वेगळे आणि ‘मरू देणे’ वेगळे.

वरवर पाहता कर्क ईडिथला ‘मरू देतो’. वस्तुतः त्याची कृती या दोहोंच्या मधली आहे : तो वाचवणाऱ्याला अडवतो. बुडणाऱ्याकडे दोर टाकणाऱ्याचा हात कोणी धरून ठेवला, तर त्याने बुडणाऱ्याला केवळ बुडू दिले असे आपण म्हणणार नाही. यावर असा युक्तिवाद होऊ शकेल, की कर्क नवे काही घडवत नाही, बिघडलेला मूळ इतिहास तो केवळ पूर्ववत करतो. परंतु हा ‘मूळ’ इतिहास कोणाच्या दृष्टीने मूळ? ईडिथच्या दृष्टीने मूळ आणि बदललेला असे दोन इतिहास नाहीत. तिला एकच आयुष्य आहे आणि ते त्या रस्त्यावर संपवले जाते.

म्हणून या कृतीचे समर्थन शेवटी एकाच आधारावर उभे राहते : कर्कचे ज्ञान निश्चित आहे. आपली परंपरा अशा ज्ञानाकडे एकाच नजरेने पाहत नाही. दुर्योधनाच्या जन्माच्या वेळी अपशकुन झाले, तेव्हा कुलासाठी या एका पुत्राचा त्याग करावा, असा सल्ला विदुर देतो. धृतराष्ट्र तो मानत नाही. दुसरीकडे, देवकीचा आठवा पुत्र आपला काळ होईल ही आकाशवाणी ऐकून तिच्या अर्भकांचा वध करणारा कंस आहे. दोघांनाही भविष्याची सूचना मिळालेली आहे आणि दोन्हीकडे अर्भकाने अद्याप काहीही केलेले नाही. विदुराला आपण ज्ञानी म्हणतो, कंसाला क्रूर. स्वार्थ आणि लोकहित हा दोहोंतला भेद खराच. पण बळी जाणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास तो भेद पुरेसा नाही. विदुराचा सल्ला योग्य होता असे आपण म्हणतो, तेही कुरुक्षेत्राची कथा आपल्याला माहीत आहे म्हणून.

४

या भागाच्या दोन संहिता उपलब्ध आहेत, ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हार्लन एलिसन यांनी लिहिलेल्या मूळ पटकथेत निर्मात्यांनी बरेच बदल केले आणि त्यावरून दोन्ही पक्षांत दीर्घकाळ वाद चालला. प्रसारित भागाला १९६८ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एलिसन यांच्या मूळ पटकथेला अमेरिकेतील लेखकसंघाने पुरस्कार दिला. मूळ संहितेत कर्कच्या हातून ते कृत्य होत नाही. निर्णायक क्षणी प्रेमिक म्हणून तो तिला मरू देऊ शकत नाही आणि हस्तक्षेप स्पॉकला करावा लागतो. प्रसारित संहितेत स्वतः कर्कच मॅकॉयला अडवतो.

पहिली संहिता माणसाच्या मर्यादेची आहे. सर्व जाणूनही माणसाचा हात उठत नाही, असे ती सांगते. दुसरी संहिता नेत्याची आहे. दूरचित्रवाणी मालिकेचा नायक पुढच्या आठवड्यातही यानाचा कप्तान असायचा असतो, हे त्यामागचे व्यावहारिक कारण असू शकेल. तरीही दुसरी संहिता केवळ वीरकथा होत नाही. कर्क परततो, इतिहास पूर्ववत होतो; पण कालद्वाराकडे पाठ फिरवून येथून निघावे एवढेच तो तुटक शब्दांत म्हणतो. विजयाचा एकही सूर नाही. आपली कृती योग्य होती असे मानणाऱ्यालाही तिचा भार वाहावा लागतो, हे हा शेवट दाखवतो.

५

आता उशिरा आलेल्या प्रेक्षकाकडे वळू. हा भाग प्रसारित होण्याच्या दोनच दिवस आधी, ४ एप्रिल १९६७ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उघड भूमिका घेतली. पुढच्या काही दिवसांत मोठ्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीका केली. नागरी हक्कांच्या लढ्यात शांततेचा प्रश्न मिसळून ते आपल्याच कार्याची हानी करीत आहेत, असा तिचा रोख होता. ईडिथ कीलरविषयी स्पॉक आणि कर्क जे बोलतात त्याचा सारांशही हाच आहे : तिचे म्हणणे बरोबर, पण वेळ चुकीची. भागाचे चित्रण आधीच झालेले असल्याने येथे हेतू शोधणे व्यर्थ आहे. शिवाय एलिसन स्वतः युद्धविरोधी होते. १९६८ मध्ये विज्ञानकथा-नियतकालिकांत छापल्या गेलेल्या युद्धविरोधी निवेदनावर त्यांची सही आहे. मात्र हेतू नसतानाही संहिता आपल्या काळातील युक्तिवादांना आकार पुरवते. एच. ब्रूस फ्रँकलिन या अमेरिकन अभ्यासकाने १९९४ मध्ये हा भाग व्हिएतनामच्या संदर्भात वाचला आणि मालिकेची युद्धविषयक भूमिका पुढे कशी पालटत गेली ते दाखवले.

फ्रँकलिन यांचे वाचन मला मान्य आहे; माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. कर्ककडे असलेली निश्चिती ही कल्पिताने त्याला दिलेली देणगी आहे. कथेच्या चौकटीत ती वैध आहे. चौकटीबाहेर कोणालाही ती उपलब्ध नाही. आज शांतता मागणारा उद्याच्या हुकूमशहाला मदत करतो, असे म्हणणारा राजकारणी स्पॉकचे यंत्र जवळ नसताना त्या यंत्राच्या अधिकाराने बोलत असतो. या भागाचा गैरवापर होऊ शकतो तो येथे.

या भूमिकेत लेफ्टनंट उहुरा साकारणाऱ्या निशेल निकोल्स यांनी सांगितलेली एक आठवण वेगळ्या अंगाने महत्त्वाची ठरते. पहिल्या हंगामानंतर त्या मालिका सोडण्याच्या विचारात होत्या आणि त्यांनी ती सोडू नये म्हणून त्यांचे मन वळवले ते किंग यांनी. रिव्हरसाइडच्या भाषणानंतर बरोबर एक वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, किंग यांची हत्या झाली. १९६७ च्या प्रेक्षकाने ईडिथचा मृत्यू पाहिला तेव्हा हे त्याला माहीत नव्हते. मला माहीत होते. त्यामुळे वेळ चुकलेली शांततावादी व्यक्ती मरणे इष्ट आहे, हे वाक्य कथेतही मला सहजपणे ऐकता आले नाही.

६

येथे माझ्यापुढे दोन सोपे मार्ग होते. एक, साठ वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांना आणि निर्मात्यांना दोष देणे. दुसरा, ‘तो काळच तसा होता’ म्हणून सर्वांना क्षमा करणे. साहित्याच्या वर्गात हे दोन्ही मार्ग रोज भेटतात. ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः आलेली हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी शिकवताना यमूच्या घरच्या माणसांवर विद्यार्थी संतापतात आणि मी बरीच वर्षे त्यांना दुसऱ्या मार्गाचे उत्तर देत आलो : त्या काळाच्या चौकटीत पाहा. ते उत्तर आळशी होते, असे आता वाटते. जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते १८६३ मध्ये. विधवेचे दुःख दिसण्यासाठी विसाव्या शतकाची वाट पाहावी लागत नव्हती. ज्याला पाहायचे होते त्याला ते दिसत होते.

म्हणजे कसोटी आपल्या उत्तरज्ञानाची नव्हे, तर त्या काळी ज्ञात होऊ शकणाऱ्या गोष्टींची असली पाहिजे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक दैव’ या कल्पनेची चर्चा केली. आपल्या हाती नसलेल्या परिणामांवरून आपले नैतिक मूल्यमापन होते, ही विसंगती त्यांनी पुढे आणली. ईडिथच्या बाबतीत ही विसंगती टोकाला जाते. १९३० मध्ये तिला जे कळू शकत होते त्यावरून ती चुकलेली नाही. ती जे बोलली ते तेव्हाही बरोबर होते. उलट, १९६७ मध्ये किंग जे म्हणाले ते जाणण्यासाठी स्पॉकच्या यंत्राची गरज नव्हती. त्या वर्षीची वर्तमानपत्रे पुरेशी होती.

या दृष्टीने जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ ही कथा तुलनेसाठी उपयुक्त आहे. विश्वासरावांना गोळी लागलीच नाही अशा पर्यायी इतिहासात गंगाधरपंत जाऊन येतात. पण त्यांना काहीही निवडायचे नसते. ते पाहतात आणि परततात. त्यांच्या हाती ज्ञान आहे, अधिकार नाही. कर्कच्या हाती दोन्ही आहेत. उशिरा आलेल्या प्रेक्षकाची जागा खरे तर गंगाधरपंतांची आहे, पण तो स्वतःला कर्क समजतो : भूतकाळातील कोणाला इतिहासात जागा द्यायची आणि कोणाला नाही, हे ठरवू पाहतो.

उत्तरज्ञान टाकून देता येत नाही. ट्रकचा तो प्रसंग मी किंग यांना विसरून पाहू शकत नाही, आणि पाहूही नये. परंतु निर्णय देताना त्या ज्ञानाला साक्षीदाराच्या जागी बसवावे लागते, न्यायाधीशाच्या नव्हे. तसे केल्यावर उरणारा प्रश्न १९६७ च्या प्रेक्षकांविषयीचा राहत नाही. आज जे सर्वांना दिसू शकते आणि ज्याकडे मी ‘वेळ योग्य नाही’ म्हणून पाहत नाही, ते कोणते? साठ वर्षांनी आपल्याकडे वळून पाहणारा कोणी हा प्रश्न विचारील तेव्हा ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे उत्तर त्याला पटणार नाही, आणि पटू नये.