रोग्यापासून लपवावें काय?

मनाच्या औदासीन्यावर हल्लीं जीं औषधें दिलीं जातात, त्यांच्यासंबंधीं एका प्रश्नाचा विचार आज आम्हीं योजिला आहे. खेड्यांत हिंडणाऱ्या उपदेशकांस व मंडळ्यांच्या वडीलजनांस तो टाळतां येण्यासारखा नाहीं. घरांतील एखादा मनुष्य महिनेच्या महिने कोणाशीं धड बोलत नाहीं. अन्नावर वासना नाहीं, रात्रीं झोंप नाहीं, जगून काय करावयाचें असें पुटपुटतो. त्याला डॉक्टरांकडे नेलें, डॉक्टरांनीं गोळी दिली. गोळी गुण देते, पण त्रासहि देते. तो त्रास त्याला आधीं सांगावा, कीं सांगूं नये?

पुष्कळ घरांत ह्याचें उत्तर विचारावांचूनच दिलें जातें. "शक्तीची गोळी आहे, मुकाट्यानें घ्या," असें बायको म्हणते. कोठें कोठें ती वरणांत किंवा चहांत कालवूनहि दिली जाते. हें सारें प्रेमानें होतें, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. द्वेषानें सांगितलेलें खोटें ओळखावयास फारसें शहाणपण लागत नाहीं.

जुन्या जालन्यांतील एक घर आपण मनांत कल्पूं. २०१२-१३ च्या अवर्षणांत ह्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्याची बाग अशी गेली असा एक शेतकरी गांव सोडून कुंडलिकेच्या कांठीं खोली घेऊन राहतो व रात्रीं एका गोदामावर राखणदारी करितो. कर्ज फिटलें नाहीं. मन मात्र हळूहळू विझलें. अशा मनुष्यास फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटालोप्रॅम ह्या जातीची गोळी सुरू झाली, तर पहिल्या आठवड्यांत त्याला काय दिसेल? मळमळ होईल, डोकें दुखेल, असलेली झोंपहि उडेल, जीव कासावीस होईल. अमिट्रिप्टिलिन नांवाची जुनी गोळी दिली, तर तोंड कोरडें पडेल, शौचास साफ होणार नाहीं, उठून उभें राहतांच घेरी येईल. हे त्रास सर्वांस होत नाहींत, आणि झाले तरी बहुधा कांहीं दिवसांत ओसरतात. पण ते येतात प्रथम. गुण दोन ते चार आठवड्यांनीं दिसूं लागतो, पुरा येण्यास त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे ह्या औषधाची रीत तापाच्या गोळीच्या उलट आहे. आधीं तें घेतें, मग देतें.

ज्याला हें सांगितलें नाहीं, त्याची स्थिति पाहा. आठ दिवसांत आपण अधिकच बिघडलों असें त्याला वाटतें. बायकोचा व डॉक्टरांचा दोघांचाहि विश्वास जातो, आणि तो कोणास न सांगतां गोळी बंद करितो. ती कांहीं महिने घेऊन एकाएकीं सोडली असेल, तर चक्कर येते, डोक्यांत विजेसारखे झटके बसतात, चिडचीड वाढते. घरचीं म्हणतात रोग उलटला. वास्तविक ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू कमी करावयाची असते. नवराबायकोच्या संबंधांतील इच्छा मंदावणें हाहि एक परिणाम आहे. लाजेमुळें त्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं, आणि आमच्या समजुतीप्रमाणें पुष्कळ औषधें ह्याच कारणानें गुपचूप नदींत जातात.

लपविणाऱ्यांच्या बाजूनें जें म्हणतां येतें तें आम्ही हलकें लेखीत नाहीं. दुष्परिणाम ऐकल्यानेंच कांहीं लोकांस ते अधिक जाणवतात, हें वैद्यकानें पारखून पाहिलें आहे. खचलेला मनुष्य शंभर शब्दांतून भीतीचा तेवढा एक शब्द वेंचून घेतो. डॉक्टरांपुढें रांग लांब असते. अंबडहून, मंठ्याहून, घनसावंगीहून आलेल्या लोकांस संध्याकाळची एस. टी. गांठावयाची असते. तेव्हां सर्व यादी वाचून दाखविणें शक्य नाहीं, आणि वाचून दाखविणें म्हणजे सांगणें नव्हे हेंहि खरें. परंतु ह्यांतून एवढेंच निघतें कीं सांगण्याची रीत असावी. "पहिले पंधरा दिवस मळमळेल, झोंप बिघडेल; भिऊं नका; फारच झालें तर गोळी न सोडतां मला कळवा," ह्या एवढ्या वाक्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.

आणि कांहीं गोष्टी अशा आहेत कीं त्या न सांगणें ही दया होऊंच शकत नाहीं. तरुण वयांत, विशेषतः आरंभींच्या आठवड्यांत किंवा मात्रा बदलली असतां, ह्या औषधांनीं कांहींच्या मनांत जीव देण्याचे विचार वाढूं शकतात. ज्याला पूर्वीं अतिउत्साहाचे, बेफाम खर्चाचे, न झोंपण्याचे झटके आले असतील, त्याला नुसती ही गोळी दिल्यानें तसा झटका पुन्हां येऊं शकतो. अमिट्रिप्टिलिनच्या पुष्कळ गोळ्या एकदम पोटांत गेल्या तर प्राणावर बेततें, म्हणून ती पुडी घरच्यांनीं आपल्या हातीं ठेवावी लागते. हें घरांत कोणासच माहीत नसेल, तर पहारा कोणी करावयाचा? (अशा विचारांनीं कोणी ग्रासलेला आढळल्यास १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलतां येतें, ही टेलि-मानस नांवाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालूं आहे व तींत मराठी बोलणारे असतात. उपदेशकांनीं हा क्रमांक आपल्या वहींत उतरून घ्यावा.)

'दुष्परिणाम' ह्या शब्दाचाहि थोडा विचार करूं. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरांतील एका क्षयरुग्णालयांत आयप्रोनियाझिड हें औषध क्षयासाठीं देऊन पाहत असतां रोगी विलक्षण उल्हसित झालेले दिसले. औदासीन्यावरील औषधांचा एक उगम तो. उलट आपल्याकडील सर्पगंधेची गोष्ट आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहून ही मुळी रक्तदाबावर कशी चालते हें जगास दाखविलें. पुढें तिच्यांतून काढलेलें रेसर्पिन सर्वत्र वापरांत आलें, आणि तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांच्या मनावर औदासीन्याची छाया पडते असें डॉक्टरांस दिसूं लागलें. ह्यावर नंतर मतभेदहि झाले. एका औषधानें न मागितलेला आनंद दिला, दुसऱ्यानें न मागितलेलें दुःख. औषधाला आपला मुख्य हेतु कोणता हें ठाऊक नसतें. हेतु मनुष्याचा असतो, आणि म्हणून सांगण्याची जबाबदारीहि मनुष्याचीच.

बायकोनें प्रेमानें झांकलें, डॉक्टरांनीं घाईनें झांकलें; पण लोभानें झांकणारेहि आहेत, आणि त्यांचें उदाहरण मोठें आहे. पॅरोक्सेटिन नांवाची ह्याच वर्गांतील गोळी अल्पवयीन मुलांस मानवते व गुण देते असें सांगणारा एक शोधनिबंध २००१ सालीं अमेरिकेंत छापला गेला. गोळी करणारी कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन हीच त्या परीक्षणाचा खर्च करणारी होती. जून २००४ मध्यें न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनीं तिच्यावर खटला भरला. आरोप हा कीं प्रतिकूल निष्कर्ष डॉक्टरांपासून दडविले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें ह्या वर्गांतील सर्व गोळ्यांवर मुलांविषयींची ठळक इशाऱ्याची चौकट छापावयास लावली, आणि २००७ सालीं ती चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसहि लागू केली. २०१२ सालीं त्या कंपनीनें ह्या गोळीच्या व आणखी कांहीं औषधांच्या प्रकरणांत गुन्हा कबूल करून तीन अब्ज डॉलर भरण्याचें मान्य केलें. २०१५ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं जुनीं कागदपत्रें पुन्हां तपासलीं. त्या मुलांस औषधानें गुण आलेला नव्हता, अपाय मात्र वाढला होता. ह्या सर्व काळांत प्रामाणिक डॉक्टरहि अपुऱ्या माहितीवर औषध लिहून देत होते. वरून खालपर्यंत एकदां झांकण्याची सवय लागली म्हणजे शेवटच्या मनुष्यापर्यंत काय पोहोंचतें, हें ह्यावरून दिसेल.

आपल्या देशाच्या कायद्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर दिलेलें आहे, पण तें खेड्यांत फार थोड्यांस ठाऊक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ सालीं झाला व २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्याच्या बाविसाव्या कलमांत मानसिक रोग्यास आपला रोग कोणता, उपचार कोणता व त्या उपचाराचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते हें जाणण्याचा अधिकार दिला आहे, आणि तोहि त्याला समजेल अशा भाषेंत व अशा रूपांत. इंग्रजी अक्षरांनीं भरलेली पुडींतली चिठी जुन्या जालन्याच्या राखणदाराच्या हातीं दिल्यानें हें कलम पाळलें जात नाहीं. त्याआधीं १६ जानेवारी २००८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें समीरा कोहली प्रकरणांत सांगितलें होतें कीं, पुरेशी माहिती न देतां घेतलेली संमति ही संमतीच नव्हे.

खर्चाचें उत्तरहि त्याच अधिनियमांत आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादींतील औषधें ग्रामीण रुग्णालयाच्या पायरीपासून वर सर्व सरकारी ठिकाणीं मानसिक रोग्यांस नेहमीं फुकट मिळावीं असें अठरावें कलम सांगतें. आणि राष्ट्रीय यादींत फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम व अमिट्रिप्टिलिन हीं तिन्ही आहेत. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचा पैसाहि घेत नाहींत. पण औषध संपलें असलें म्हणजे बाहेरून आणा असें सांगितलें जातें, आणि जालन्यास येण्याचें भाडें व बुडालेली मजुरी कोणत्याच कलमांत बसत नाहीं. बाहेरून घ्यावेंच लागलें तर जन-औषधी दुकानांत त्याच मूळ द्रव्याची गोळी मोठ्या नांवाच्या गोळीहून पुष्कळ स्वस्त मिळते. खर्च लपविणें हेंहि एक लपविणेंच आहे: औषध कदाचित् सहा महिने, वर्षभर चालेल हें आधीं सांगितलें नाहीं, तर गरीब मनुष्य पहिल्या दोन पुड्यांतच पैसा संपवितो आणि गुण दिसूं लागतांच, किंवा दिसण्याआधींच, थांबतो.

आतां कज्जाविषयीं. डॉक्टरांवर तक्रार करणें म्हणजे उपकार विसरणें, असें आमच्या लोकांस वाटतें, व कोर्टाची पायरी चढूं नये हें तर आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलों. येथें इजा आणि अन्याय ह्यांत भेद केला पाहिजे. गोळीनें मळमळ झाली ही इजा. ती सांगितलेली होती व तिच्यावर नजर होती, तर त्यांत कोणाचा अपराध नाहीं, आणि अशा इजेसाठीं कोणास कोर्टांत ओढणें हाच अन्याय होईल. ठाऊक असून सांगितलें नाहीं, विचारल्यावर दटावलें, किंवा पूर्वींचे झटके न विचारतांच गोळी दिली, तर प्रश्न निराळा होतो. १९५३ च्या मे महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत गांवीं एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्यास नेलें. तेथें पूर्ण भूल न देतां बळानें हाड बसविण्यांत आलें व तो त्याच रात्रीं वारला. बाप स्वतः डॉक्टर होता. त्यानें दावा केला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६८ सालीं निकाल लागला तो तीन हजार रुपयांचा. रोग्यास हातांत घ्यावें कीं नाहीं, कोणता उपचार करावा, व तो कसा करावा, ह्या तिन्ही बाबतींत डॉक्टरांवर काळजीचें कर्तव्य आहे हें त्या निकालानें ठरलें, आणि तें आजहि उद्धृत होतें. पंधरा वर्षांनीं तीन हजार रुपये! त्या बापाला पैसा हवा होता असें कोण म्हणेल?

१३ नोव्हेंबर १९९५ च्या शांता प्रकरणाच्या निकालापासून पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखालीं येते. जेथें सर्वांस फुकट उपचार मिळतो, तें रुग्णालय मात्र त्याखालीं येत नाहीं. म्हणजे सर्वांत गरीब रोग्यासच तो दरवाजा बंद, ही गोष्ट आम्हांस खटकते. परंतु त्याच्यासाठीं २०१७ च्या अधिनियमाचें अठ्ठाविसावें कलम आहे: तक्रार प्रथम तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. सत्ताविसाव्या कलमान्वयें विनामूल्य विधिसाहाय्य मागतां येतें. खासगी दवाखान्याविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावी. दिलेली रक्कम पांच लाखांच्या आंत असेल तर फी नाहीं, वकील केलाच पाहिजे असेंहि नाहीं. मुदत तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. केसपेपर, औषधाची चिठी, दुकानाची पावती व रिकामी पुडी हीं सर्व एका पिशवींत घालून तारखेसह ठेवावीं, आणि कोणत्या दिवशीं काय त्रास झाला हें घरांतील लिहितां येणाऱ्या मुलाकडून वहींत लिहवून घ्यावें. पुढच्या खेपेस डॉक्टरांसहि ती वही दाखवितां येईल.