युक्त आहार



श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास ध्यानयोग सांगितला. आसन कसे असावे, दृष्टी कोठे स्थिर करावी, हे सांगून झाल्यावर भगवंत जेवणाच्या विषयाकडे वळतात. जो अति खातो त्यास योग साधत नाही. जो मुळीच खात नाही त्यासही साधत नाही. ज्ञानेश्वर माउलींनी यावर भाष्य करताना आहार, चालणे, बोलणे आणि निद्रा या सर्वांना एकच माप लावले आहे. परमार्थात ताटाचा विचार कशाला, असे कोणास वाटेल; परंतु साधन करावयाचे ते याच देहाने.

नेकनूर ही वैकुंठवासी बंकटस्वामी महाराजांची भूमी. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, त्या परंपरेतील हे थोर कीर्तनकार. त्या काळचा वारकरी पायी चाले आणि ज्वारीची भाकरी, वरण, कांदा यांवर तृप्त असे. बालाघाटाच्या माळावर दिवसभर राबणाऱ्याचे अन्न अंगी लागे. अंगावर साठत नसे. आज मोटार थेट महाद्वारापाशी थांबते. श्रम गेले, भूक मात्र जुनीच राहिली. किंबहुना फरसाण आणि थंड पेये यांनी ती वाढली.

स्थूलतेस वैभव मानू नये. चरकसंहितेत अतिस्थूल मनुष्याचे आठ दोष सांगितले आहेत. आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, अशक्तता, अतिघाम, अति भूक व अति तहान हे त्यांपैकी होत. आजचे वैद्यकही हेच सांगते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व गुडघेदुखी ही वाढत्या वजनाची अपत्ये आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या आढळल्या. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे. शिंप्याची फीत एवढ्यासाठी पुरेशी आहे.

एकादशीचा विचार येथे केलाच पाहिजे. उपवास म्हणजे देवाजवळ वास. प्रत्यक्षात त्या दिवशी साबुदाण्याची तुपकट खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि साखरेचा चहा असा दुप्पट भार पोटावर पडतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतून आला. त्यास कोणत्या ऋषींनी फराळात स्थान दिले, हे शोधूनही सापडणार नाही! त्यापेक्षा भगर, रताळे, ताक आणि एखादे फळ थोडक्यात घ्यावे. तथापि जे मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेतात, त्यांनी वैद्यांस विचारल्यावाचून निराहार राहू नये. रक्तातील साखर अचानक उतरून जिवावर बेतते. अशा रुग्णांच्या पायांची संवेदनाही कमी होते. म्हणून त्यांनी अनवाणी चालण्याचा नवस करू नये, केला असल्यास देवाची क्षमा मागून वहाणा घालाव्या. काट्याची जखम न कळता चिघळल्याने पाय गमावण्याची वेळ येते.

मराठवाड्यातच, लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार गावोगावी नेला. दिवसातून दोनदाच जेवावे, जेवण ५५ मिनिटांत आटोपावे आणि ४५ मिनिटे चालावे, हे त्याचे सार. २०१८ साली राज्य शासनाने त्यांना स्थूलताविरोधी मोहिमेचे दूत नेमले. थोडे थोडे अनेकदा खावे असे म्हणणारे आहारतज्ज्ञही आहेत. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. दिवसभर चरत राहणे मात्र कोणीच सांगितलेले नाही.

आरंभ लहान असावा. चहातील साखर निम्मी करावी, ताटात पालेभाजी व उसळ वाढवावी, रात्रीचे जेवण लवकर घ्यावे. दर्शनास येताना वाहन थोडे दूर उभे करून उरलेली वाट नामस्मरणात पायी चालावी. प्रसाद नाकारण्याचे कारण नाही. तो कणभर घेतला तरी पूर्णच असतो.

अन्नदान करणाऱ्या दात्यांस एक विनंती. पंगतीत बुंदी व जिलेबी दोन्ही हवीत असा आग्रह नसावा. त्या रकमेतून ज्वारी, तूरडाळ, मटकी व ताजी भाजी द्यावी, आणि वाढप्यांनी पानात आग्रहाने अधिक वाढू नये.