कैदी थोर की कोठडी वाईट?

चिंचपोकळीहून सातरस्त्याकडे जाताना आर्थर रोड तुरुंगाची भिंत लागते. या रस्त्याचं अधिकृत नाव साने गुरुजी मार्ग. गुरुजींचा आणि तुरुंगाचा संबंध आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते लिहून घेत. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली. त्याआधी १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते, आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. मंडाले आणि अंदमान तर आपल्या बोलण्यातच आहेत. तुरुंगाविषयी एवढं वाचलेला समाज तुरुंगाच्या बाबतीत हळवा असायला हवा होता. तसा तो का नाही, हा माझा प्रश्न आहे.

मला वाटतं, या वाचनाने आपल्याला कैद्याकडे बघायला शिकवलं, कोठडीकडे नाही. अंदमानातल्या कोठडीचं वर्णन वाचून आपण कळवळतो, कारण आत कोण आहे ते माहीत असतं. पण ती कोठडी वाईट होती ती आतला माणूस थोर होता म्हणून, की कुणासाठीही वाईटच होती? पहिलं उत्तर दिलं, तर आजच्या कोठड्यांबद्दल बोलण्याआधी आतल्या माणसाची लायकी तपासावी लागेल. आपण नेमकं तेच करत आलो आहोत.

आर्थर रोड, तळोजा, नागपूर इथल्या तुरुंगांत 'अंडा सेल' नावाचा भाग आहे. आकारावरून पडलेलं हे नाव. उंच भिंतीच्या आत लंबगोल आवार आणि त्यात अतिसुरक्षेच्या कोठड्या. नागपूरच्या अंडा सेलमध्ये राहिलेल्या अरुण फरेरा यांनी २०१४ च्या पुस्तकात तिचं वर्णन केलं आहे. फरेरा पुढे खटल्यांतून निर्दोष सुटले आणि २०१८ मध्ये एल्गार प्रकरणात पुन्हा आत गेले. नव्वद टक्के अपंगत्व असलेले, चाकाच्या खुर्चीवरचे जी. एन. साईबाबाही नागपूरच्याच अंडा सेलमध्ये होते. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्याच ऑक्टोबरमध्ये ते वारले.

याविरुद्ध मुंबईत काही माणसं बोलत राहिली: वकील, नागरी हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते, कैद्यांचे नातेवाईक. त्यांच्या मागण्यांची यादी केली तर तिचा लहानपणा चटका लावतो. पार्किन्सन्स झालेल्या ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामींना पेला धरता येत नव्हता, म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तपास यंत्रणेने उत्तरासाठी वेळ मागितला, सुनावणी सुमारे तीन आठवडे पुढे गेली. लोकांनी तळोजा तुरुंगाच्या पत्त्यावर सिपर पाठवून निषेध केला. गौतम नवलखांचा चष्मा तुरुंगात चोरीला गेला. घरून पोस्टाने पाठवलेला नवा चष्मा परत आला. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. तुरुंग अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आली आहे, असं न्यायालय म्हणालं. पुढे त्याच नवलखांना पी. जी. वुडहाउसचं पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारलं गेलं. विनोदी पुस्तकाने कुठली सुरक्षा धोक्यात येते, हे मला अजून कळलेलं नाही. स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी गेले, शेवटपर्यंत कच्चे कैदी म्हणूनच.

आता आक्षेप. सगळ्यात प्रामाणिक आक्षेप मी लालबागच्या चाळीत ऐकला आहे. "दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ जणं राहिलो. आमच्यासाठी कोण कोर्टात गेलं?" हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. गिरणगावातल्या पिढ्यांनी अशाच खोल्यांत संसार केले. पण चाळीत राहिलेल्या कुणालाही विचारा, त्या खोलीत माणूस जगू कसा शकला? उत्तर येतं गॅलरीचं. दार दिवसभर उघडं असायचं. मुलं गॅलरीत झोपायची, भांडणं तिथेच व्हायची आणि मिटायचीही. म्हणजे खोली सुसह्य झाली ती बाहेर पडता येत होतं आणि बाहेर माणसं होती म्हणून. अंडा सेल बरोबर हेच काढून घेतो. चाळीचा अनुभव कैद्याच्या विरोधात नव्हे, त्याच्या बाजूने साक्ष देतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तोही खरा आहे. २०१३ मध्ये तळोजा तुरुंगात अबू सालेमवर दुसऱ्या कैद्याने गोळ्या झाडल्या होत्या. काही कैद्यांना वेगळं ठेवावंच लागतं, कधी त्यांच्याच जिवासाठी. पण वेगळं ठेवणं आणि एकटं पाडणं यांत फरक आहे, आणि तो फरक १८६० चा दंडविधानही ओळखत होता. एकांतवास ही वेगळी शिक्षा होती. ती फक्त न्यायाधीशाने द्यायची, एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही आणि एका वेळी चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही. नव्या भारतीय न्याय संहितेतही या मर्यादा कायम आहेत. संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम दिवसाचे बावीस तास किंवा अधिक काळ माणसांच्या अर्थपूर्ण संपर्काशिवाय ठेवण्याला एकांतवास म्हणतात आणि सलग पंधरा दिवसांपुढे त्याला मनाई करतात. मग पळवाट कुठे आहे? नावात. कोठडीला 'अतिसुरक्षा विभाग' म्हटलं की ती शिक्षा उरत नाही, व्यवस्था होते. व्यवस्थेला न्यायाधीश लागत नाही आणि मुदतही लागत नाही.

हे मला माझ्या कामातून ओळखीचं वाटतं. सॉफ्टवेअरमध्ये अडचणीच्या रात्री एखादा तात्पुरता निर्बंध घातला जातो. तो कधी काढायचा हे कुणी लिहून ठेवत नाही आणि काढायची जबाबदारी कुणाचीच नसते. पाच वर्षांनी तो तसाच असतो. कुणी क्रूर असावं लागत नाही.

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न. आत कसाब असेल तर? २६/११ पाहिलेल्या शहरात हा प्रश्न टाळता येत नाही. माझं उत्तर: तरीही. न्यायालयाने त्याला फाशी दिली, ती २०१२ मध्ये येरवड्यात अमलात आली. त्यावर कुणी तुरुंगाच्या कार्यालयातून अंधाराची भर घालायची नसते. एकदा ती मुभा दिली की कसाब कोण आणि स्टॅन स्वामी कोण, हे ठरवण्याचा अधिकार आपण कोठडीची किल्ली असणाऱ्याला देतो. दोघांवर कलमं एकाच कायद्याची होती. दारावर ओळख पटवणारा दुसरा निकष नव्हता.

या बाबतीत आपल्यावर ज्याचं ऋण आहे तो थोर माणूस नव्हताच. सुनील बत्रा हा दिल्लीच्या तिहार तुरुंगातला फाशीची शिक्षा झालेला कैदी. त्याच्या याचिकेवर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फाशीची शिक्षा झाली एवढ्यावरून कैद्याला एकांतवासात टाकता येणार नाही. नंतर त्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं.

सरकारला कोठडी दाखवता येत नाही, असंही नाही. २०१८ मध्ये विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या खटल्यात लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोडच्या बारा क्रमांकाच्या बराकीत दिवसाउजेडी किती प्रकाश येतो त्याचा व्हिडिओ मागितला. तो मिळाला. न्यायाधीशांनी मल्ल्याचं चारित्र्य बाजूला ठेवून फक्त खोलीबद्दल विचारलं होतं.

तेच प्रश्न आपण सगळ्यांसाठी विचारू शकतो. दार दिवसातून किती तास उघडतं? एकटं ठेवण्याचा आदेश कुणी काढला, लेखी कारण काय, मुदत कधी संपते, फेरविचार कोण करतं? कैद्याचं नाव न विचारता याची उत्तरं मागणं हीच या लोकांची चळवळ आहे. तिच्यासाठी कैद्यावर प्रेम असावं लागत नाही. त्याच्यावर राग असतानाही हे प्रश्न विचारता येतात, आणि माझ्या मते तेव्हाच ते खऱ्या अर्थाने विचारले जातात.