नशीब की वेळापत्रक?

8 जून 2005. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीमध्ये महिला कॉलेज सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा तिसरा आणि निर्णायक सामना सुरू आहे. मिशिगन विद्यापीठ विरुद्ध यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. मागच्या दोन्ही वर्षी यूसीएलएच विजेती. या वेळी पहिला सामना त्यांनी घेतला, दुसरा मिशिगनने. सॉफ्टबॉल सात इनिंगचा असतो. हा सामना बरोबरीत अडकून दहाव्या इनिंगमध्ये गेला आहे. तिथे सामंथा फिंडले, कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला असलेली मुलगी, चेंडू कुंपणापलीकडे मारते. एका फटक्यात तीन धावा. 4-1. मिशिगन विजेता.

मिशिगनच्या मुख्य प्रशिक्षक होत्या कॅरोल हचिन्स. 1985 पासून त्या हा संघ घडवत होत्या. या आधी अनेकदा संघ शेवटच्या स्पर्धेपर्यंत पोचून रिकाम्या हाताने परतला होता. 2022च्या ऑगस्टमध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर 1,707 विजय होते. तोपर्यंत अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलमधल्या कुठल्याही प्रशिक्षकाचे इतके विजय नव्हते. राष्ट्रीय विजेतेपद मात्र एकच. तेच, 2005चं.

आता समजा, फिंडलेचा तो चेंडू चार हात अलीकडे पडला असता. कुणीतरी झेलला असता. पुढच्या इनिंगमध्ये यूसीएलएने सामना जिंकला असता. मग हचिन्स यांच्या नावापुढे शून्य विजेतेपदं लागली असती आणि लोक म्हणाले असते, चांगल्या प्रशिक्षक होत्या, पण शेवटचा घाव घालता आला नाही. त्यांचं काम मात्र तेच राहिलं असतं. तोच सराव, त्याच मुली, तीच वीस वर्षं. बदलला असता तो फक्त हवेतून जाणारा एक पिवळा चेंडू. तो फटका मारतानाही त्या बॅट हातात घेऊन उभ्या नव्हत्या.

मग आपण नक्की कशाचं कौतुक करतो?

तत्त्वज्ञानात या कोड्याला 'नैतिक नशीब' म्हणतात. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी यावर निबंध वाचले आणि तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही. उदाहरण आपल्या रस्त्यावरचं घेऊ. दोन मुलं मोबाइल कानाला लावून बाइक चालवताहेत. एकाच्या समोर कुणी येत नाही, तो घरी जाऊन जेवतो. दुसऱ्याच्या समोर एक म्हातारे आजोबा रस्ता ओलांडायला उतरतात. चूक दोघांची तीच, पण एक तुरुंगात जातो आणि दुसऱ्याला आपण चुकलो हे आठवतही नाही. हातात नसलेल्या गोष्टींवरून माणसाला दोषी धरू नये असं आपण म्हणतो, आणि रोज नेमकं तेच करतो. कौतुकाचंही तसंच.

सॉफ्टबॉल तुमच्यापैकी काहींनी शाळेत खेळलेला असेल. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमध्ये तो आहे. बाकीच्यांनी बेसबॉलचा चुलतभाऊ समजावं. चेंडू मोठा, हात खालून फिरवून टाकायचा, आणि कॉलेजच्या महिला सामन्यात टाकणारी आणि मारणारी यांच्यात अंतर फक्त 43 फूट. विचार करायला वेळच नसतो. बॅट बोटभर वर लागली तर चेंडू जमिनीला, बोटभर खाली लागली तर आभाळात. अशा खेळात नशिबाचा वाटा मोठा असणारच.

इथपर्यंत सोपं आहे. नशीब असतं, ते मान्य करावं, फळाची आशा न धरता काम करावं. आपल्याकडे हे लहानपणापासून कानावर पडतं. पण हचिन्स यांच्या कारकिर्दीत जरा खोल गेलं की 'नशीब' हा शब्द संशयास्पद वाटू लागतो.

मिशिगन हे उत्तरेकडचं राज्य. फेब्रुवारीत मैदानावर बर्फ असतो. आणि कॉलेज सॉफ्टबॉलचा हंगाम सुरू होतो फेब्रुवारीतच. त्यामुळे उत्तरेकडच्या संघांनी आधी बंदिस्त जागेत सराव करायचा आणि पहिले काही आठवडे दक्षिणेत, दुसऱ्यांच्या उन्हात, दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, एनसीएएने, महिला सॉफ्टबॉलची विजेतेपद स्पर्धा 1982 साली सुरू केली. तेव्हापासून 2004पर्यंतचे सगळे विजेते चारच राज्यांतले होते : कॅलिफोर्निया, अॅरिझोना, टेक्सस आणि ओक्लाहोमा. मिसिसिपी नदीच्या पूर्वेचा पहिला विजेता म्हणजे 2005चं मिशिगन.

लोक म्हणतील, हवामान आहे, त्याला कोण काय करणार? बर्फ पडतो हे खरंच कुणाच्या हातात नाही. पण हंगाम फेब्रुवारीत सुरू करायचा हे आभाळाने ठरवलेलं नाही. ते माणसांनी कागदावर लिहिलं. त्यामागे कारण आहे, शैक्षणिक वर्ष मे महिन्याच्या आसपास संपतं. कारण पटण्यासारखंही असेल. तरी तो निर्णय आहे आणि त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

अॅरिझोना विद्यापीठाचे माइक कँड्रिया यांच्या नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. हे उन्हामुळे झालं असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. ऊन तिथल्या सगळ्याच संघांवर पडत होतं, आठदा जिंकले ते कँड्रियांचे संघ. पण आठ विरुद्ध एक एवढंच मांडून बेरीज-वजाबाकी केली, तर आपण दोन वेगळ्या चढांवर चढणाऱ्यांना एकाच पट्टीने मोजतोय.

जूडिथ श्क्लार या राजकीय विचारवंत बाईंनी 1990 साली अन्यायावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की दुर्दैव कुठे संपतं आणि अन्याय कुठे सुरू होतो, ही रेघ निसर्गाने आखलेली नसते. ती कोण आखतं, यावर बरंच अवलंबून असतं. ज्याचं नीट चाललेलं असतं त्याला समोरच्याचं दुःख 'दुर्दैव' वाटतं. ज्याला ते सोसावं लागतं त्याला त्यात कुणाचा तरी हात दिसतो.

हचिन्स यांना तो हात फार लवकर दिसला होता. प्रशिक्षक होण्याआधी त्या मिशिगन स्टेट या शेजारच्या विद्यापीठात शिकत होत्या आणि बास्केटबॉल, सॉफ्टबॉल दोन्ही खेळत होत्या. 1979 साली तिथल्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या संघात मॅजिक जॉन्सन होता. त्याच काळात त्याच विद्यापीठातल्या मुलींचा संघ न्यायालयात गेला होता. प्रवासाची सोय, राहण्याची खोली, जेवणाचा भत्ता, सगळ्यात मुलांना एक न्याय आणि मुलींना दुसरा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं सांगणारा 'टायटल नाइन' कायदा 1972 सालीच झाला होता. तो कागदावर होता, जेवणाच्या ताटापर्यंत आलेला नव्हता. खटल्याला नाव पडलं ते हचिन्स यांचं.

यावरचं नेहमीचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. मुलांच्या सामन्याला गर्दी होते, तिकिटं खपतात, पैसा तिथून येतो, मग खर्चही तिथेच होणार. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण सामना खेळून आलेल्या मुलीला लागणारी भूक तिकीटविक्रीवर ठरत नाही. आणि गर्दी तरी आपोआप कुठे होते? जो खेळ वर्षानुवर्षं चांगल्या मैदानावर, चांगल्या वेळी लोकांना दाखवला जातो, त्याला गर्दी होते. आधी एकाला पाणी घालायचं, दुसऱ्याला नाही, आणि मग म्हणायचं, बघा, हे झाड वाढलं, ते वाढलंच नाही.

पुढची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. टायटल नाइन आला तेव्हा अमेरिकन कॉलेजांतल्या महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त महिला होत्या. कायद्यामुळे महिलांच्या खेळात पैसा आला, पगार वाढले, आणि मग पुरुष प्रशिक्षकही आले. काही दशकांत महिलांचं प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं. मुलींना मैदान मिळालं आणि बायकांच्या हातून शिट्टी गेली. हे कुणी ठरवून केलेलं नाही. तरीही हे 'आपोआप' घडलं म्हणणं खोटं ठरेल, कारण प्रत्येक नेमणुकीवर कुणाची तरी सही होती. हचिन्स निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या जागी बॉनी थॉल आल्या. त्या आधी हचिन्स यांच्याच संघात खेळलेल्या, नंतर जवळजवळ तीन दशकं त्यांच्या सहायक. हीसुद्धा आपोआप घडलेली गोष्ट नव्हे.

मला वाटतं, प्रशिक्षकाचं खरं काम या दोन गोष्टींमधला फरक शिकवणं आहे. हचिन्स यांच्या हिशेबात 1,707 विजयांबरोबर 555 पराभवही आहेत. साडेपाचशे वेळा मुलींसमोर उभं राहून काहीतरी बोलावं लागलं असणार. चेंडू चार हात अलीकडे पडला, पंचाचा निर्णय विरुद्ध गेला, वारा फिरला, हे गिळायचं असतं. त्यात अन्याय शोधत बसणारी खेळाडू कधीच मोठी होत नाही. पण ताटात कमी का, बसमध्ये का, चौघींना एक खोली का, हे गिळायचं नसतं. तिथे 'नशीब' म्हणणारी मुलगी समजूतदार ठरत नाही, तिला कुणीतरी गप्प केलेलं असतं. एकाच माणसाला दोन्ही जमणं कठीण. जो सगळंच सोसतो तो वापरला जातो. जो सगळ्याचीच तक्रार करतो त्याचं खरं गाऱ्हाणंही कुणी ऐकत नाही.

हे मी शहाणपणाने लिहितोय, पण माझा स्वतःचा हिशेब चांगला नाही. कॉलेजात असताना मी मुलांच्या क्रिकेट संघात होतो. मैदान एकच. आम्हाला ते संध्याकाळी साडेचारनंतर मिळायचं. मुलींचा सॉफ्टबॉल संघ दुपारी दोनला सराव करायचा. एप्रिलच्या उन्हातही दोनलाच. त्या परत निघायच्या तेव्हा आम्ही येत असायचो. लाल झालेले चेहरे, डोक्यावर ओल्या ओढण्या. आमच्यातला एकजण म्हणायचा, 'काय नशीब यांचं!' आणि आम्ही खरंच हळहळायचो.

वेळापत्रक जिमखान्याच्या दारावर चिकटवलेलं असायचं. टाइप केलेलं, खाली सही, शिक्का. तीन वर्षं मी रोज त्याच्या समोरून गेलो. आमचा सराव आठवड्यातून दोन दिवस दुपारी करा, त्यांना संध्याकाळ द्या, एवढं सांगायला सरांच्या खोलीत जावं लागलं असतं. ती खोली त्या दाराला लागूनच होती.