मोजला जातो साठा, फुटतो रिॲक्टर

26 ऑक्टोबर 2022 हा दिवाळीतला पाडव्याचा दिवस. सणासाठी प्लांट थांबत नाहीत, बॅच लागलेली असली की शिफ्ट भरावीच लागते. तारापूर एमआयडीसीतल्या भगेरिया इंडस्ट्रीजमध्ये त्या दिवशी रंगोद्योगात लागणाऱ्या गॅमा ॲसिडचे उत्पादन चालू होते. दुपारनंतर रिॲक्टरचा स्फोट झाला. तीन कामगार दगावले, बारा जण जखमी झाले.

वसाहतीलगतच्या बोईसरकरांना ही बातमी नवी नव्हती. मार्च 2018 मध्ये नोव्हाफेन स्पेशालिटीजमध्ये रात्री स्फोट होऊन तिघे मृत्युमुखी पडले होते, आणि आग शेजारच्या कारखान्यांत पसरली होती. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी कोलवडे गावाच्या हद्दीतल्या कारखान्यात स्फोट झाला. त्यात आठ माणसे गेली. त्याच वर्षी 17 ऑगस्टला नांदोलिया ऑरगॅनिक केमिकल्समध्ये दोघे गेले. 21 ऑगस्ट 2025 ला मेडली फार्मास्युटिकल्समध्ये वायुगळतीने चौघांचा बळी घेतला, आणि प्राथमिक माहितीनुसार तो वायू होता नायट्रोजन. दर वेळी मंत्र्यांची भेट, मदतीची घोषणा, चौकशी, गुन्हा. काही आठवड्यांत सगळे शांत होते, आणि पुढचा स्फोट दुसऱ्याच प्लॉटवर होतो.

याचे खापर नुसत्या निष्काळजीपणावर फोडणे सोपे आहे. निष्काळजीपणा असतोही. पण त्यापलीकडचे एक कारण क्वचितच बोलले जाते. धोकादायक रसायनांबाबतचे आपले नियम जिथे नजर ठेवतात, तारापूरचा धोका बऱ्याचदा तिथे नसतोच.

हे नियम भोपाळमधून आले. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीत साठवलेला मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला आणि झोपलेल्या शहरावर पसरला. त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले, आणि 1989 मध्ये घातक रसायनांच्या उत्पादन, साठवणूक व आयातीचे नियम झाले. सुरक्षा अहवाल, कारखान्याचा आपत्कालीन आराखडा, दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल, कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी जिल्ह्याचा आराखडा असे बरेच काही त्यांत आहे. मात्र यातल्या कडक तरतुदी मुख्यतः साठ्याच्या मापावर लागू होतात. यादीत नाव असलेले रसायन ठरावीक प्रमाणाहून जास्त असले, उदाहरणार्थ क्लोरीन दहा टनांपेक्षा अधिक, की कारखाना त्या जाळ्यात येतो. भोपाळने शिकवलेला धडा मोठ्या टाकीचा होता, आणि नियमही मोठ्या टाकीचेच झाले.

तारापूर मात्र बॅचवर चालते. रंगांची मध्यवर्ती रसायने, औषधांचे कच्चे घटक, कीटकनाशके असा बहुतेक माल काही हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये, मागणीप्रमाणे होतो. महिनाभर एक उत्पादन, पुढच्या महिन्यात दुसरे. यादीतल्या रसायनांचा साठा मर्यादेच्या आत राहू शकतो. धोका त्या पात्रात चाललेल्या अभिक्रियेत असतो.

अनेक अभिक्रिया उष्णता बाहेर टाकतात. रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी फिरवून ती काढून घेतली जाते. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की बऱ्याच अभिक्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, म्हणजे उष्णताही तितक्याच झपाट्याने वाढते. थंडाव्याची क्षमता तशी दुप्पट होत नाही, ती तापमानातल्या फरकाच्या प्रमाणातच वाढते. पंप बंद पडला, वीज गेली, ढवळणी थांबली किंवा दुसरे रसायन घाईने एकदम सोडले, की एका क्षणानंतर अभिक्रिया ऑपरेटरच्या हातात राहत नाही. प्रयोगशाळेतला चंबू हे सहज सोसतो. पण पात्राचे प्रत्येक माप दुप्पट केले तर आतला माल आठपट होतो आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त चौपट. चंबूत निमूटपणे झालेली अभिक्रिया प्लांटमध्ये तशीच होईल, असे मानणे म्हणूनच जिवावर बेतते.

अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल शहरात टी-टू लॅबोरेटरीज नावाची छोटी कंपनी होती. इंधनात मिसळायचे रसायन बनवताना तिच्या 174 बॅच पार पडल्या. 19 डिसेंबर 2007 ला 175 वी बॅच चालू असताना थंडावा बंद पडला. पर्यायी व्यवस्था नव्हती. रिॲक्टर फुटला आणि चौघे मरण पावले. त्याआधीच, 2002 मध्ये, अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने 1980 ते 2001 या काळातल्या 167 गंभीर रासायनिक अभिक्रिया-अपघातांचा अभ्यास केला होता. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अपघातांतली रसायने तिथल्या सुरक्षा नियमांच्या कक्षेतच येत नव्हती. यादीवर विसंबल्याने काय होते, याचा हा पुरावा वीसहून अधिक वर्षे जगासमोर आहे.

उपाय माहीत नाहीत असे नाही. नवे उत्पादन प्लांटवर घेण्याआधी त्या अभिक्रियेतून किती उष्णता निघते आणि कुठल्या तापमानाला ती हाताबाहेर जाते, हे कॅलरीमीटरवर मोजता येते. रसायन एकदम न ओतता हळूहळू सोडणे, तापमान चढताच पुरवठा आपोआप बंद होणे, थंडाव्यासाठी जनरेटरवरची दुसरी सोय, दाब वाढला तर फुटून वाट करून देणारी योग्य मापाची चकती, हे सगळे बाजारात मिळते.

लहान कारखानदार खर्चाची अडचण सांगतो, आणि ती खरी आहे. पण सांडपाण्याचा खर्च एकेकट्याला झेपत नव्हता म्हणून याच वसाहतीत सामायिक प्रक्रिया केंद्र उभे राहिले. 2018 च्या मूल्यांकनात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तारापूरला 93.69 गुण देऊन देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत अग्रस्थानी ठेवले, तेव्हा ते केंद्र नीट चालवण्याचे काम बाकी होते हे उघड झाले. तरीही कल्पना योग्यच होती. अभिक्रियांच्या चाचणीसाठी तशीच सामायिक प्रयोगशाळा एमआयडीसीला उभारता येईल, आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था मार्गदर्शनाला फार दूर नाही.

यंत्रांइतकेच माणसांना काय माहीत आहे, यालाही महत्त्व आहे. रिॲक्टरचे झाकण उघडून पोती ओतणारा हेल्पर पुष्कळदा ठेकेदाराचा माणूस असतो. कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला, कुणी जवळच्या पाड्यावरचा. रसायनाची सुरक्षापत्रिका इंग्रजीत, तीही ऑफिसच्या फायलीत. नायट्रोजनचे उदाहरण घ्या. हवेत 78 टक्के तोच असतो, त्याला वास नाही, रंग नाही, तो विषारीही नाही. पण बंद जागेत त्याने ऑक्सिजनला हुसकावले की माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. वाचवायला धावलेला सहकारीही तसाच कोसळतो. आत उतरण्याआधी ऑक्सिजन मोजायचा आणि श्वसनयंत्राशिवाय कुणी मागे धावायचे नाही, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला, कामगाराला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत.

1987 च्या दुरुस्तीने कामगारांबरोबरच आसपासच्या जनतेलाही धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक केले होते. कोलवडे, कुंभवली, सालवड, पास्थळ या गावांत ती कितपत पोचली? शेजारीच 1969 पासून चालू असलेले तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. त्याच्याभोवतीच्या 16 किलोमीटर परिघासाठी आपत्कालीन आराखडा असतो, जिल्हा प्रशासनाला घेऊन सरावही होतात. अणूच्या नावाची धास्ती सगळ्यांना आहे, म्हणून तिथे तयारी आहे. या वसाहतीत गेल्या काही वर्षांत माणसे मेली ती मात्र रसायनांच्या कारखान्यांत.

तेव्हा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने परवानगी देताना साठ्याच्या आकड्याबरोबर अभिक्रियेच्या उष्णतेचा चाचणी अहवालही मागावा. उत्पादन बदलले की तो नव्याने घ्यावा, आणि अहवाल नसेल तर बॅच लावू देऊ नये. प्रत्येक गेटवर आत आज काय बनते आहे आणि भोंगा वाजला तर कुठल्या दिशेने जायचे, हे मराठी आणि हिंदीत लिहिलेले असावे. आसपासच्या ग्रामसभांनी ही मागणी ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवावी. त्यासाठी पुढच्या स्फोटाची वाट पाहण्याचे काही कारण नाही.