वेदी पुढे आली तेव्हा

वसईच्या चर्चमध्ये पूर्वी मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनमध्ये चाले. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत. मागे शेतकरी, कोळणी जपमाळ ओढत बसत. शब्द कळत नसत, श्रद्धा मात्र पक्की होती.

१९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन धर्मपरिषद भरली. १९६३ मध्ये तिने उपासनेचे दार लोकभाषांना उघडून दिले. हळूहळू धर्मगुरू लोकांकडे वळले आणि मिस्सा मराठीतून होऊ लागली. हे सोपे नव्हते. जगभर अनेकांना जुने गांभीर्य हरवल्यासारखे वाटले आणि त्यांची हुरहूर खरीच होती. ज्या सुरात आईबापांना निरोप दिला, तो सूर सोडताना जीव तुटतोच.

पण मराठी या श्रद्धेला परकी कधी नव्हती. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले. पुढे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आज रविवारी आजी आणि नात एकाच बाकावर बसून एकाच भाषेत प्रार्थना म्हणतात. आजीच्या हातात जपमाळ अजून आहे.